बूस्ट गेजचा काटा चुकतोय? टर्बोला दोष देण्याआधी टी कुठे टाकलाय ते बघा

बूस्ट गेज म्हणजे टर्बो इंजिनात किती दाबाने हवा भरतोय ते दाखवणारं मीटर. त्यासाठी आम्हाला येणारे निम्मे फोन "टर्बो गेला वाटतं" या वाक्याने सुरू होतात. गाडी वागळे इस्टेटला आमच्याकडे येते, बोनेट उघडतो, आणि टर्बो ठणठणीत असतो. रोज तेच समजावून सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं.

गेज बसवणं फार अवघड काम नाही, हे आम्हीही मान्य करतो. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून पुष्कळजण ते नीट बसवतात. बिघडतं ते एकाच ठिकाणी: टी, म्हणजे दाब गेजकडे न्यायला नळी कापून मध्ये घालायचा तीन तोंडांचा जोड, चुकीच्या नळीवर पडतो.

गेजला लागतो तो इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा वाटून देणाऱ्या भागातला दाब. बोनेटखाली मात्र सगळ्याच नळ्या काळ्या, रबरी आणि एकसारख्या. त्यात हाताला पटकन लागते ती ब्रेक बूस्टरची (ब्रेकचं पॅडल हलकं करणाऱ्या डब्याची) जाड नळी, आणि तिलाच कात्री लागते. डिझेल गाडीत ही नळी व्हॅक्युम पंपाकडे जाते. टर्बोशी तिचा काडीचाही संबंध नाही. इंजिन सुरू केलं की काटा उणे ०.९ बारच्या आसपास (शून्य म्हणजे बाहेरच्या हवेइतका दाब, उणे म्हणजे त्याहून कमी) जातो आणि कितीही रेस दिली तरी तिथेच बसून राहतो. पेट्रोलमध्ये या नळीत वन-वे व्हॉल्व्ह असतो. टी त्याच्या बूस्टरकडच्या बाजूला पडला, तर व्हॅक्युम आत अडकतो आणि बूस्ट कधीच दिसत नाही. काही नव्या टर्बो पेट्रोल गाड्यांतही वेगळा पंप असतो, तिथे डिझेलसारखाच प्रकार.

गेज चुकीचं दाखवतो हे एकवेळ चालेल, पण ती नळी ब्रेकची आहे. टीच्या जॉइंटमधून हवा शिरली की पॅडल दगडासारखं कडक होतं. अशी गाडी आली की आम्ही आधी ती नळी बदलतो आणि मगच गेजचं बोलतो. "मी फक्त गेजसाठी आलो होतो" म्हणून काहीजण चिडतात. चिडू देत.

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवरून एक डिझेल सेदान आली होती. दुसरीकडे टर्बो बदलायचा खर्चही सांगून झाला होता. मालकांचा चेहरा पडलेला. आमच्या पोराने बोनेट उघडलं, ब्रेकच्या नळीवरच्या पिवळ्या प्लास्टिक टीवर बोट ठेवलं आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरखाली अडॅप्टर टाकून नळी तिथून घेतली, तर गायमुखच्या चढावर काटा छान १ बारच्या वर गेला.

दुसरी मोहाची नळी वेस्टगेट अ‍ॅक्च्युएटरची, म्हणजे टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या भागाची. इथे जॉइंट सैल राहिला तर अ‍ॅक्च्युएटरला खरा दाब कळत नाही, बूस्ट हाताबाहेर जातो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे मुद्दाम कमी ताकदीवर, टाकतो. पेट्रोल गाडीत टी थ्रॉटलच्या (हवा अडवणाऱ्या झडपेच्या) आधी पडला तर बूस्ट दिसतो, पण स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, काटा शून्यावरच राहतो. मग लोक म्हणतात, अर्धा गेज खराब निघाला.

आता स्लोचं. पेट्रोल इंजिन गरम होऊन स्लोवर असताना साधारण उणे ०.६ ते ०.७ बार दिसायला हवं. डिझेलमध्ये हवा पेट्रोलसारखी थ्रॉटलने अडवलेली नसते, म्हणून स्लोवर काटा शून्याजवळच राहणार. तो बिघाड नाही. मित्राच्या पेट्रोल गाडीशी तुलना करून फोन करू नका.

न्यूट्रलमध्ये रेस देऊनही बूस्ट फारसा दिसत नाही, कारण इंजिनवर लोड नसतो. माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये तर विसराच. मोकळा रस्ता किंवा चढ बघा, तिसरा गिअर टाका, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि गेजवर नजर शेजारी बसलेल्याला ठेवू द्या.

शंका असेल तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावा. त्यातला एमएपीचा आकडा निरपेक्ष दाबाचा, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून, असतो, म्हणून इंजिन बंद असतानाही ठाण्यात १०० किलोपास्कलच्या आसपास दिसतो. त्यातून १०० वजा करा आणि उरलेल्याला १०० ने भागा, की बार मिळाले. पीएसआयचा गेज असेल तर १ बार म्हणजे १४.५. काही इलेक्ट्रॉनिक गेज लोणावळ्यात इंजिन बंद असतानाही उणे ०.०७ च्या आसपास दाखवतात. तिथली हवाच तेवढी विरळ आहे, गेजला काही झालेलं नाही.

टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने गेज तपासू नका. २ बारच्या गेजचा काटा एका फटक्यात वाकतो आणि ती गॅरंटी कोणीच देत नाही.

मेकॅनिकल गेजची नळी एक्झॉस्टपासून लांब न्या, फायरवॉलच्या ग्रोमेटमधून आत घ्या आणि कुठेही मुडपू देऊ नका. काटा थरथरत असेल तर नळीत रिस्ट्रिक्टर (बारीक भोकाचा तुकडा) टाकावा लागतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये सप्लाय फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप लावून घ्या आणि अर्थ बॉडीच्या बोल्टवर, रंग खरवडून. पिवळ्या स्लीव्हमधल्या वायरीला हात लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात. आणि कर्टन एअरबॅग असलेल्या गाडीत आम्ही ए-पिलरवर (समोरच्या काचेशेजारच्या खांबावर) पॉड, म्हणजे गेजची वाटी, बसवत नाही. कितीही छान दिसो, एअरबॅग तिथूनच उघडते. डॅशवर किंवा स्टिअरिंग कॉलमवर बसवून देऊ.

आम्ही अर्धा दिवस घेतो, शेजारी तासात करून देतात, हे आम्हाला माहीत आहे. आमचा वेळ अडॅप्टर बसवणं, साबणाच्या पाण्याने जॉइंट तपासणं आणि रस्त्यावर गाडी चालवून बघणं यात जातो. कुर्ल्याहून किंवा ऑनलाइन घेतलेला गेजही बसवून देतो, मजुरी तीच. फक्त गेजची गॅरंटी मग आमची नाही, फिटिंगची आहे. आमच्याकडून घेतलात तर दोन्ही आमच्यावर, आणि तुमच्या गाडीच्या मापाचा अडॅप्टर सोबत मिळतो. स्वतः बसवलेला गेज नुसता तपासायचा असेल तर ५०० रुपये. काम आमच्याकडेच केलंत तर ते बिलातून वजा.

येताना गेजचा डबा आणि आतला कागद आणा. प्रत्येक ब्रँडचे वायरीचे रंग वेगळे असतात आणि ते त्या कागदावरच छापलेले असतात. आणि शक्यतो सकाळी या. थेट हायवेवरून आलात तर इंजिन गार होईपर्यंत तासभर बसावं लागेल. चहा आमच्याकडून.