मास्टर क्लॉक की बिट क्लॉक? भजनाची पट्टी चढली तेव्हा

कुडाळजवळच्या आमच्या वाडीतल्या देवळात पहाटे भजन लावायला मी एक छोटा लिनक्स बोर्ड बसवला. त्यावर ऑडिओ कोडेक चिप (डिजिटल डेटाचा आवाज करणारी), पुढे ॲम्प्लिफायर. पहिल्याच दिवशी बुवा थांबले. "ही काळी एक मां? मगे पट्टी चढली कित्याक?" पेटी लावून पाहिली, तर सूर पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी होता.

ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, लिहिणारी नवी मुलं इथेच गोंधळतात. मास्टर क्लॉक आणि बिट क्लॉक, दोन्ही चिपला जाणारे ठोकेच, मग फरक काय? फरक कामाचा आहे. बिट क्लॉक प्रोसेसर आणि कोडेक यांच्यामधल्या तारेवर धावतो. त्याच्या एका ठोक्याला डेटाचा एक बिट सरकतो. सेकंदाला 48,000 सॅम्पल (आवाजाची मोजमापं; हाच सॅम्पल रेट), दोन चॅनेल, प्रत्येकी 32 बिटांची जागा, म्हणजे 3.072 मेगाहर्ट्झ. मास्टर क्लॉकवर डेटाचा एक कणही जात नाही. त्यावर चिपच्या आतलं फिल्टर आणि डिजिटलचं ॲनालॉग करणारं यंत्र चालतं. तो बहुतेक वेळा सॅम्पल रेटच्या 256 पट असतो: 48,000 ला 12.288 मेगाहर्ट्झ, 44,100 ला 11.2896. पेटीत भाता आणि बोटं यांचं जे नातं, तेच हे. भाता सूर ठरवत नाही, पण तो बंद पडला तर बोटं कितीही चालवा.

वेंगुर्ल्याला बंदराजवळच्या एका बोर्डावर असाच भाता बंद पडला होता. खाऱ्या हवेनं मास्टर क्लॉकच्या जंपरची पिन गंजली होती. ड्रायव्हर लोड, आयटूसीवर (चिपला आज्ञा देण्याच्या तारांवर) चिप उत्तर देते, गाण्याची वेळ पुढे सरकते, आणि आवाज शून्य. बिट क्लॉक प्रोसेसर देत होता, म्हणून सॉफ्टवेअरला काहीच कळलं नाही. सगळ्याच चिप अशा फसवत नाहीत. एसजीटीएल5000 ला मास्टर क्लॉक नसेल तर ती आयटूसीवरही बोलत नाही. उलट पीसीएम5102ए ची मास्टर क्लॉकची पिन ग्राउंडला जोडली, तर ती बिट क्लॉकवरूनच आतल्या पीएलएलने (एका क्लॉकवरून वेगळ्या वेगाचा क्लॉक बनवणाऱ्या सर्किटने) आपला क्लॉक बनवते. रास्पबेरी पाय या छोट्या बोर्डाच्या आयटूएस (आवाजाचा डेटा नेणाऱ्या) पिनांमध्ये मास्टर क्लॉक नाही, तिथे म्हणूनच ही चिप सोयीची पडते.

आता पट्टीकडे. सूर किती वर जाईल हे सेकंदाला किती सॅम्पल वाजतात यावर ठरतं. त्यामुळे प्रोसेसर मास्टर असताना, म्हणजे बिट क्लॉक तो देत असताना, कोडेकचा मास्टर क्लॉक चुकला, तर आवाज फाटेल, खरखरेल किंवा गप्प होईल. पट्टी चढणार नाही. कोडेक मास्टर असेल, तर तो मास्टर क्लॉकला भागून बिट क्लॉक आणि फ्रेम क्लॉक (दर सॅम्पलला एक ठोका) स्वतः तयार करतो, आणि तिथली चूक थेट सुरात उतरते. बुवांच्या एका वाक्यावरून मला निम्मं निदान मिळालं ते असं.

बोर्डावर मास्टर क्लॉकचे ठोके देणारं क्रिस्टल 12.288 चं होतं. डिव्हाइस ट्रीमध्ये (लिनक्सला बोर्डाची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) मी 11.2896 लिहिलं होतं. ड्रायव्हरने माझ्यावर विश्वास ठेवून 256 ने भागलं; भजनांच्या 44,100 सॅम्पल रेटऐवजी हातात 48,000 आले. वेग जवळजवळ 8.8 टक्के जास्त, सूर साधारण दीड स्वर वर. (स्वर म्हणजे इथे पेटीवरची लगतची पट्टी.) स्कोप (तारेवरचे ठोके दाखवणारं यंत्र) नसेल तर घड्याळ लावा: तासाचं रेकॉर्डिंग 55 मिनिटांतच संपलं, तर हाच दोष. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) क्लॉकच्या यादीवर मात्र विसंबू नका. ठराविक क्रिस्टलसाठी तिथे आपण लिहिलेलाच आकडा दिसतो, तारेवरचा नाही.

डिव्हाइस ट्रीत 12.288 लिहून काम अर्धंच झालं. त्या आकड्याला 44,100 ने भागलं तर उत्तर पूर्णांकात येत नाही, आणि माझ्या चिपमध्ये पीएलएल नव्हता. मग सगळी भजनं 48,000 वर रिसॅम्पल केली, म्हणजे त्या रेटच्या फाइलमध्ये बदलून घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे बुवांनी पेटी काढली, काळी एक दाबून धरली, आणि भोंग्यातल्या स्वतःच्याच आवाजाबरोबर गायला लागले.