जांभ्याच्या पोटातलं पाणी

मे महिन्यात गाळ उपसायला विहिरीत उतरलं की कोकणाच्या पाण्याची सगळी गोष्ट डोळ्यांसमोर असते. वरचे वीस-बावीस फूट लाल, भोकाभोकांचा जांभा. कोरडा ठणठणीत. मग एकदम पांढुरकी चिकण माती लागते आणि नेमक्या त्या सांध्यावर दगड ओला लागतो. बोट टेकवलं की थेंब जमतो. आमच्या घराने आजवर प्यायलेलं पाणी त्या बोटभर ओल्या रेघेतून आलेलं आहे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. तो न मुरता, न वाहता अंगणात उभा राहिला तर जवळजवळ दोन पुरुष पाणी होईल. तरी होळी गेली की वाडीवाडीत हंडे रांगेला लागतात. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, आणि त्याच तालुक्यातल्या डोंगरावरच्या वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यात जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. घाटात पडलेलं पाणी काही तासांत खाडीला लागतं. आपल्याकडे पावसाची कमतरता नाही. पाण्याला थांबायला जागा हवी, आणि ती जागा म्हणजे सडा, डोंगरावरचं जांभ्याचं सपाट कातळी पठार.

काळ्या बेसाल्टवर लाखो वर्षं ऊन-पाऊस झेलत त्यातली सिलिका आणि क्षार धुऊन गेले, मागे लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. तो आपला जांभा. 1807 मध्ये फ्रान्सिस बुकानन यांनी केरळातल्या अंगाडीपुरमला हा दगड पाहून त्याला लॅटराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीतून काढताना जांभ्याचा चिरा मऊ असतो आणि वाऱ्या-उन्हात घट्ट होतो, हे कोणताही गवंडी सांगेल. पाण्याच्या दृष्टीने महत्त्वाची त्यातली भोकं आणि नळ्या. सड्याचा वरचा कातळ टणक असला तरी भेगांतून, खळग्यांतून पाणी आत शिरतं, नळ्यांतून खाली उतरतं आणि चिकण मातीवर येऊन अडतं. खाली वाट नाही म्हणून ते आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन फुटतं. आपल्या जुन्या वाड्या सड्याच्या पायथ्याला का वसल्या, याचं उत्तर त्या झऱ्यात आहे.

म्हणूनच सातबाऱ्यावर सड्यापुढे ‘पोटखराबा’ लिहिलेलं वाचलं की मला वाईट वाटतं. वर पीक नसेल, पण खालच्या दहा विहिरींची ती टाकी आहे. जेसीबीने सडा सपाट करून खळगे बुजवले, किंवा चिरेखाण थेट चिकण मातीपर्यंत नेली, की पाणी मुरण्याऐवजी घसरून जातं. झरा आटतो तो पुढच्या एक-दोन उन्हाळ्यांत, आणि तोवर खाणीचा आणि झऱ्याचा संबंध कुणाच्या ध्यानात राहिलेला नसतो.

किनाऱ्यावर गणित वेगळं आहे. मालवणजवळचं देवबाग बघा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. अशा वाळूत पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण खारं पाणी साधारण अडीच टक्के जड आहे. या लहानशा फरकातून निघणारा हिशोब असा: गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा 1 मीटर वर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. आता उलटं करून बघा. पंप लावून ती पातळी हातभर खाली आणली की खारं पाणी चाळीसेक हात वर चढायला लागतं. विहीर मचूळ होते, आणि एकदा मचूळ झाली की गोडी परतायला कित्येक पावसाळे लागू शकतात. रहाटाने माडांचं शिंपणं व्हायचं तेव्हा पाणी हळूहळू निघायचं, विहिरीला सावरायला उसंत मिळायची. किनाऱ्यावर रहाट परत आणा असं मी म्हणत नाही. पण पंप थोडा-थोडा वेळ, मध्ये विश्रांती देऊन चालवणं आणि नव्या बोअरवेलचा मोह आवरणं आपल्या हातात आहे.

शहरात, म्हणजे रत्नागिरी, कणकवली, चिपळूणसारख्या ठिकाणी, सडा जाऊन स्लॅब आले. पण स्लॅब वाईटच असं नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. 100 चौरस मीटर छपरावर आपल्याकडे वर्षाला 3 लाख लिटर पडतात. गळती वगळली तरी 2 लाख 40 हजार हाती लागतात. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या हिशोबाने पाच माणसांना चार महिन्यांसाठी 33 हजार लिटर पुरतात, म्हणजे छपराच्या पाण्याचा सातवा हिस्सा. त्यासाठी चार मीटर लांब, चार मीटर रुंद, दोन मीटरपेक्षा थोडी जास्त खोल टाकी लागेल. खर्च आहे, नाकारत नाही. तेवढा झेपत नसेल तर पहिल्या सरी वाहू देऊन नंतरचं पाणी गाळून विहिरीत सोडता येतं.

शहरात भीती वाटते ती शौचालयांच्या खड्ड्यांची. जांभ्याच्या ज्या नळ्या पाणी झटकन मुरवतात, त्याच मैलाही झटकन शेजारच्या विहिरीत नेतात. वाळूतून जाताना पाणी थोडंफार गाळलं जातं, नळीतून जाताना नाही. खड्डा विहिरीपासून होईल तितका लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. न्हाणीच्या पाण्यावर परसात अळू आणि केळी लावायची आपली रीत मात्र आजही पक्की शास्त्रीय आहे.

राहिला पऱ्या, म्हणजे वाडीजवळचा लहान ओढा. सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती-वाळू भरून घातलेला वनराई बंधारा, किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दगड आणि प्लॅस्टिकचा कोकण विजय बंधारा, दोन्ही स्वस्त आहेत. मागे पाणी तुंबलं की काठच्या विहिरीतून पऱ्याकडे होणारा झिरपा मंदावतो आणि विहीर जास्त दिवस धरते. वेळ मात्र चुकता कामा नये. पऱ्या वाहता असतानाच, भातकापणी उरकल्यावर बांध घालावा लागतो. जानेवारीत अडवायला काही उरत नाही. चाकरमानी गणपतीला येतात आणि मग शिमग्याला. बंधाऱ्याचे दिवस नेमके मधले. आमच्या वाडीत म्हणून आता दिवाळीला येणाऱ्यांना आधीच फोन जातो, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पऱ्यावर गोण्या भरायला पंधरा-वीस माणसं हजर असतात.