मातीत अडकलेलं तणनाशक बाहेर काढायचं कसं, त्याची मागची गोष्ट

काजूचा सीझन जवळ आला की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात झाडांखालचं रान मारायला लागतं, नाहीतर पडलेले बोंडू दिसणार कसे. आधी कोयत्याने व्हायचं, आता माणसं मिळत नाहीत म्हणून बरेच जण तणनाशकाचा पंप पाठीला लावतात. मग कोणीतरी विचारतं की मातीत ते वखद (म्हणजे औषध) किती उरलं हे लॅबमध्ये कळतं का? कळतं, पण मशीनपर्यंत पोचायच्या आधीच खरी भानगड आहे.

सुरुवात दुधापासून झाली म्हणा ना. 1879 मध्ये सॉक्सलेट नावाच्या जर्मन केमिस्टने दुधातली चरबी मोजायला काचेचं एक उपकरण काढलं, गरम सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) परत परत नमुन्यावर पडत राहतं, तासन् तास. 1940 च्या दशकात टू-फोर-डी आलं, पुढे बाकीची तणनाशकं आली, आणि माती धुवायला हेच उपकरण कामी आलं. पण सॉल्व्हंटमध्ये वखदाबरोबर ह्युमस, मेण, रंग सगळंच उतरतं, म्हणून मग फ्लोरिसिलसारखी पावडर भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून गाळायचं, आणि 1970 च्या दशकाच्या शेवटी त्याजागी बोटाएवढ्या तयार भरलेल्या नळ्या, म्हणजे कार्ट्रिज आल्या.

2003 मध्ये आली कॅचर्स (QuEChERS) पद्धत. अॅसिटोनायट्राइल नावाचं सॉल्व्हंट, मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, हलवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं घ्या. पद्धत मुळात पाणीदार फळं-भाज्यांसाठीची, त्यामुळे कोरड्या मातीत आधी पाणी घालावं लागतं. साफसफाईला पीएसए नावाची पावडर टाकतात, ती आम्लं धरून ठेवते, आणि गंमत म्हणजे टू-फोर-डी पण आम्लच, म्हणजे कचऱ्याबरोबर जे शोधतोय तेच जायचं 😅

आणि ग्लायफोसेट तर वेगळाच प्राणी. 1970 मध्ये मोन्सँटोच्या जॉन फ्रान्झने शोधलं, 1974 ला बाजारात आलं. ते पाण्यात विरघळतं, अॅसिटोनायट्राइलमध्ये जवळपास नाहीच, त्यामुळे कॅचर्सने हाती लागत नाही. वर ते लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडना घट्ट चिकटतं, आणि आपली तांबडी माती म्हणजे तेच की हो! म्हणून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्याने सोडवायचं, मग एफमॉक नावाचं रसायन जोडायचं, तेव्हा कुठे मशीनला नीट दिसतं. पॅराक्वाट त्याहून हट्टी, चिकणमातीच्या थरांत घुसून बसतं, त्याला सल्फ्युरिक अॅसिडमध्ये माती उकळावी लागते.

ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारावं अशी अधिसूचना काढली, तेव्हापासून माती तपासायची चौकशी आमच्याकडे जरा जास्तच होते. रिपोर्टवर 'आढळलं नाही' असेल तर मी आधी विचारतो, काढलं कशाने? साध्या कॅचर्सने काढलं असेल तर ग्लायफोसेटपुरता तो कागद कोराच समजा.