रिअ‍ॅक्टरची उष्णता आणि संचालकांची सही

लोटे-परशुराम, महाड, रोहा-धाटाव. कोकणातल्या कुठल्याही रासायनिक वसाहतीत स्फोट झाला की दुसऱ्या दिवशीची बातमी जवळपास ठरलेली असते: रिअ‍ॅक्टरमधला (रसायनांची अभिक्रिया जिच्यात होते त्या बंद टाकीतला) दाब वाढला, ऑपरेटरच्या लक्षात आलं नाही, शिफ्ट इनचार्जवर गुन्हा. मुख्य कार्यालयात बसून कोणी चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, खर्च कापला होता का, हे सहसा कोणी विचारत नाही. ते विचारायला हवं, आणि का, ते उष्णतेच्या गणितातून नीट कळतं.

औषधं, रंग, रेझिन बनवताना होणाऱ्या अनेक अभिक्रिया उष्णता बाहेर टाकतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे 20 अंशांनी चौपट, 30 अंशांनी आठपट. रिअ‍ॅक्टरभोवतीच्या जॅकेटमधलं पाणी ही उष्णता काढून नेतं, पण फक्त तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात: फरक दुप्पट तर उष्णता दुप्पट, तिप्पट तर तिप्पट. उष्णता चक्रवाढीने जमते आणि सरळव्याजाने बाहेर पडते. दोन्हींचे आलेख काढले की एका ठिकाणी ते जेमतेम स्पर्श करतात. त्यापुढे थंड पाणी अखंड चालू असलं तरी ते अभिक्रियेला गाठू शकत नाही.

रसायनशास्त्रज्ञ निकोलाय सेमेनोव (1956 चे नोबेल मानकरी) यांनी ही सीमा सूत्रात बसवली. आतला माल आणि बाहेरचं पाणी यांच्यातला जास्तीत जास्त सुरक्षित फरक म्हणजे वायू स्थिरांक गुणिले केल्विन तापमानाचा वर्ग, भागिले सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया सुरू व्हायला लागणारी किमान ऊर्जा). माल 57 अंशांवर, म्हणजे 330 केल्विनवर असेल आणि सक्रियण ऊर्जा मोलमागे 100 किलोज्यूल असेल, तर उत्तर येतं 9 अंश. सगळा कच्चा माल एकदम भरला असेल तर हाती एवढंच असतं.

म्हणून एक घटक थोडाथोडा सोडतात, त्याला डोसिंग म्हणतात. डोसिंग थांबवलं की उष्णताही थांबावी, हा हेतू. तो दोन प्रकारे फसतो. ढवळणारा पंखा मध्येच बंद पडतो, डोसिंग चालूच राहतं, घटक न मिसळता साचतो आणि पंखा पुन्हा सुरू करताच सगळं एकदम पेटतं. किंवा घाईत माल पुरेसा तापण्याआधीच डोसिंग सुरू होतं आणि न झालेली अभिक्रिया आत उधारीवर राहते. त्यात आकाराची अडचण वेगळीच. प्रयोगशाळेतल्या 1 लिटरच्या फ्लास्कमधून त्याच आकाराच्या 5,000 लिटरच्या रिअ‍ॅक्टरवर गेलं की दर लिटरमागे थंड होणारं क्षेत्रफळ 17 पटींनी घटतं. फ्लास्क हाताला कोमट लागला, हा पुरावा इथे काडीच्या कामाचा नाही.

आता कोकणची हवा. कूलिंग टॉवर (हवेच्या झोतात पाणी गार करणारा मनोरा) पाण्याला हवेच्या आर्द्र-बल्ब तापमानाखाली, म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्या तापमानाखाली, नेऊ शकत नाही. प्रत्यक्षात पाणी त्याहून 3 ते 5 अंश गरमच राहतं. देशावर 38 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असली तर आर्द्र-बल्ब तापमान 21 च्या आसपास असतं. किनाऱ्यावर 33 अंश आणि 75 टक्क्यांना ते 29 भरतं. थर्मामीटर कमी दाखवतो, पण टॉवरचं पाणी 8 अंश जास्त गरम. वरच्या 9 अंशांशी हे ताडून पाहा. इथे चिलर चैनीची वस्तू नाही, आणि लेखा विभागाला त्यात दिसतं ते फक्त विजेचं बिल.

भोपाळमध्ये 1984 साली मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीची शीतयंत्रणा अपघाताच्या कित्येक महिने आधीच बंद केलेली होती. 7 मे 2020 ला विशाखापट्टणमला एलजी पॉलिमर्समध्ये स्टायरीनची टाकी तापली, 12 जण गेले. चौकशी समितीच्या अहवालाप्रमाणे शीतयंत्रणा संध्याकाळी बंद केली जाई, तापमापक फक्त तळाशी होता आणि वरचा थर तापत राहिला. स्टायरीनचे रेणू साखळीत जोडले जाणं रोखणारं रसायन कारखान्यात शिल्लक नव्हतं. यातलं काहीही रात्रपाळीच्या ऑपरेटरने ठरवलेलं नव्हतं. विशाखापट्टणमला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह 12 जणांना अटक झाली. भोपाळच्या खटल्यात 2010 साली सात माजी अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली, घटनेनंतर 25 वर्षांनी.

कायद्याने मधल्या काळात एक पाऊल टाकलं. कारखाने अधिनियमातल्या 1987 च्या दुरुस्तीने कंपनीच्या कारखान्याचा भोगवटादार, म्हणजे कायद्याने जबाबदार माणूस, हा तिच्या संचालकांपैकी एक, असं ठरलं. त्याऐवजी एखाद्या अधिकाऱ्याचं नाव पुढे करण्याची मुभा कंपन्यांना हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ती नाकारली. पळवाट तरीही उरते. ज्याच्या हाती खर्चाच्या चाव्या नाहीत असा संचालक कागदावर बसवता येतो. म्हणून प्रत्येक बदलाच्या फाईलवर, मग तो पाइप वळवणं असो की चिलर रात्री बंद ठेवणं, उष्णतेचा नवा हिशोब आणि पैसे मंजूर करणाऱ्याची तारखेसह सही हवी.

गेटवरच्या ‘इतके दिवस अपघातविरहित’ फलकावर भुलू नये. त्यात घसरून पडणं, बोट कापणं मोजलं जातं. जॅकेटमध्ये साचलेला गाळ मोजला जात नाही. अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत 2005 साली स्फोटात 15 कामगार मेले, तेव्हा ती चालवणाऱ्या बीपी या तेल कंपनीने अशाच आकड्यांना सुरक्षिततेचा पुरावा मानलं होतं, असं त्यानंतर नेमलेल्या बेकर समितीने 2007 मध्ये नोंदवलं. खंडेनवमीला रिअ‍ॅक्टरला झेंडूचा हार जरूर घालावा, गावच्या राखणदार देवाला गाऱ्हाणंही घालावं. पण त्याने गंजलेली रप्चर डिस्क (दाब वाढला की फुटून वाट मोकळी करणारी चकती) वेळेवर फुटत नाही.

प्रकल्पाच्या जनसुनावणीत रोजगाराच्या आकड्यांपलीकडे थोडी नेमकी विचारणा करता येते. अभिक्रियेची कॅलरीमेट्री, म्हणजे उष्णतेची मोजणी, झाली आहे का? वीज गेली की जनरेटरवर पंखा आणि चिलर दोन्ही चालतात का, आणि किती सेकंदांत? रप्चर डिस्क शेवटची कधी बदलली? कूलिंग टॉवर किती आर्द्र-बल्ब तापमानासाठी बांधलाय? शेवटच्या प्रश्नाला 24 किंवा 25 असं उत्तर आलं, तर तो टॉवर घाटावरच्या हवेसाठी आहे.