कोलोरॅडो: हिशेबात न धरलेली उष्णता

कोलोरॅडो नदीच्या पाण्यावरून अमेरिकेतली सात राज्यं भांडतात, त्या भांडणाचं मूळ १९२२ सालच्या वाटणीत आहे. त्या नोव्हेंबरात न्यू मेक्सिकोतल्या सँटा फेजवळ तेव्हाचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर यांच्या अध्यक्षतेखाली करार झाला: वरच्या खोऱ्याला वर्षाला ७५ लाख एकर-फूट, खालच्यालाही तेवढंच. (एकरभर रानात फूटभर पाणी उभं केलं की एक एकर-फूट.) १९४४ मध्ये मेक्सिकोला आणखी १५ लाख देण्याचं ठरलं. पण ज्या नोंदींवरून वाटणी झाली, ती वर्षं नेमकी भरल्या पाण्याची होती. १९७६ मध्ये झाडांच्या खोडातल्या वलयांवरून जुना प्रवाह काढला, तेव्हा सरासरी १३५ लाखांच्या आसपासच भरली.

ही चूक बहुतेकांना ठाऊक आहे. मला दुसरी मोठी वाटते: त्या हिशेबात तापमानाचा रकानाच नव्हता.

नदीचं बहुतेक पाणी रॉकी पर्वतातल्या बर्फाचं. बर्फ मोजायची रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेवाडात जेम्स चर्च यांनी बसवली (हे गृहस्थ मूळचे लॅटिनचे प्राध्यापक). पोकळ नळी बर्फात तळापर्यंत खुपसायची, वर काढून काट्याला लटकवायची, नळीचं वजन वजा करायचं. उरलं ते पाणी. १ एप्रिलच्या सुमारास घेतलेल्या या वजनावरून उन्हाळ्याचा अंदाज बांधत. तो बरा जमायचा, कारण इतक्या बर्फाचं इतकं पाणी, हे प्रमाण फारसं हलत नव्हतं.

ते आता हललं. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो. तो लवकर वितळला की उघडी पडलेली काळपट जमीन तेच ऊन शोषते आणि ओल वाफ होऊन जाते. झाडंझुडपं लवकर पालवतात, जास्त दिवस पाणी पितात. तापलेली माती आधी आपली तहान भागवते, उरलं तर ओढ्याला. वजन पूर्वीइतकंच भरतं. नदीत मात्र तेवढं पोचत नाही. २०२० मध्ये मिली आणि डन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी याचा हिशेब मांडला: तापमान एक अंश सेल्सियसने वाढलं की वरच्या खोऱ्याचा प्रवाह सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. इशारा नवा नव्हताच. नुसत्या उष्णतेने ही नदी बरीच आटेल, हे रेव्हेल आणि वॅगनर या शास्त्रज्ञांनी १९८३ सालीच लिहून ठेवलं होतं.

२०२१ मध्ये बर्फ सरासरीहून थोडाच कमी होता. वरच्या खोऱ्याचं पाणी जिथे साठतं त्या पॉवेल जलाशयात वर्षभरात पाणी आलं ते नेहमीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतकं. ऑगस्टमध्ये कोलोरॅडोवर पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली. सर्वांत मोठी कपात ॲरिझोनाच्या वाट्याला आली, आणि तिथे आधी कालव्याचं पाणी तुटलं ते पिनाल काउंटीतल्या शेतकऱ्यांचं.