पार्श्वभूमी : झटका मशीनच्या बोर्डाची जोडणी तपासायची कशी?

रानडुक्कर आणि रोह्यांपायी विदर्भात झटका मशीन, म्हणजे शेताच्या कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र, आता बी-बियाण्यासारखी लागवडीच्या खर्चातच धरली जाते. कंपन्यांच्या मशीन येतात, तशा तालुक्याच्या गावी दोन-तीन टेबलांच्या वर्कशॉपातही जुळवल्या जातात. बोर्ड, म्हणजे तांब्याचे पट्टे छापलेली सर्किटची पाटी, बाहेरून छापून येतो, पार्ट इथे सोल्डर होतात. मृगाच्या तोंडावर मागणीची झुंबड उडते आणि श्रावणात, ओल धरली की, काही मशीन परत येतात. खोलून पाहावं तर पुष्कळदा आयसी (सर्किटची चिप) ठणठणीत असतो. निघतं ते ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा), नाहीतर चिकटलेले दोन ट्रॅक (तांब्याचे पट्टे).

बहुतेक ठिकाणी तपासणी म्हणजे मल्टीमीटरचा बीप : दोन टोकं जोडलेली असली की मीटर वाजतो. सवय जुनी आहे. जुन्या रेडिओत तार हाताने ओढलेली असे. सांधा डोळ्यांना दिसे, ओढून पाहता येई. पॉल आयस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने 1936 च्या सुमारास लंडनमध्ये छापील सर्किटचा रेडिओ केला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर असे बोर्ड सर्रास बनू लागले. तारांच्या जागी तांब्याचे पट्टे आले, पण हातातला बीप काही सुटला नाही.

बीपची खोट अशी, की बऱ्याच मीटरमध्ये तो तीस-चाळीस ओहमपर्यंत वाजतो. पाच ओहमचा किडका सांधाही पास! खरा आकडा हवा तर चार तारांची रीत लागते : दोन तारांतून करंट सोडायचा, उरलेल्या दोन तारांनी व्होल्टेज मोजायचं, म्हणजे तपासणीच्या तारांचा स्वतःचा रोध हिशेबात येत नाही. शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी याच अडचणीपोटी 1861 मध्ये आपला ब्रिज, म्हणजे अगदी कमी रोध मोजणारं सर्किट, रचला होता. शिवाय शॉर्ट, म्हणजे नको तिथे झालेली जोडणी, शोधायचे तर प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाशी तपासावा लागतो. 40 बिंदूंच्या 780 जोड्या होतात. हे हाताने कोणी करत नाही, करतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

म्हणून कारखान्यांत खिळ्यांचा पाट आला. स्प्रिंगच्या पिना रोवलेल्या जिगवर (तपासणीच्या साच्यावर) बोर्ड दाबला की सगळे बिंदू एका दमात तपासले जातात. 1970 च्या दशकात ही रीत रुळली. जिग मात्र एकाच डिझाइनची. बोर्ड बदलला की जिग भंगारात. त्यावर तोड म्हणून फ्लाइंग प्रोब आले : थोड्याच सुया बोर्डभर फिरतात, जिग नको, पण वेळ फार. पुढे पार्ट इतके बारीक झाले, आयसीचे सांधे पोटाखाली गेले, की सुई टेकवायलाच जागा उरेना. 1985 मध्ये यावर मार्ग काढायला जेटॅग हा इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांचा गट स्थापन झाला आणि 1990 मध्ये त्याचं मानक आलं. त्यात तपासणीचं सर्किट आयसीच्या आतच असतं, चार तारांवरून पिनांची जोडणी वाचता येते.

झटका मशीनला जेटॅगचं काम नाही. तिचा बोर्ड आजही मोठ्या पार्टांचा, पाय आरपार घातलेला. एकाच डिझाइनचे शेकडो बोर्ड निघत असतील तर पिनांची जिगच परवडते. कोरा, म्हणजे पार्ट न लावलेला, बोर्ड पुरवठादाराकडून फ्लाइंग प्रोबने तपासून मागवावा. कोरा बोर्ड आधी तपासला की इथल्या जिगवर सापडलेला दोष आपल्याच सोल्डरिंगचा, हेही कळतं.

जिगने सगळं भागत नाही. आज जेमतेम टेकलेला सांधा पास होतो आणि उन्हा-पावसाने महिनाभरात सुटतो. त्यासाठी बोर्ड तापवून, ठोकून पुन्हा मोजणं आलंच. आणि हा निव्वळ गिऱ्हाइकाच्या तक्रारीचा मामला नव्हे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दोन झटक्यांत किमान एक सेकंदाची उसंत लागते. तेवढ्यात माणूस किंवा जनावर तारेपासून सुटतं. ही उसंत ठरवणाऱ्या सर्किटचा सांधा बिघडला तर ती कमी होऊ शकते. तेव्हा जिगवर जोडणी पास झाली तरी प्रत्येक मशीन 500 ओहमच्या लोडवर चालवून झटक्यांमधलं अंतर वेगळं मोजावं. जिगवर मात्र उच्च दाबाचा भाग चालू करू नये.

पुढची खेप छापायला देताना बोर्डाच्या खालच्या बाजूला जिगची पिन टेकेल एवढे टेस्ट पॅड (तपासणीसाठीचे तांब्याचे ठिपके) मागून घ्यावेत. डिझाइनमध्येच घातले तर त्यांचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत.