मुंबईत वीस वर्षांची किती मुलं शिकतायत? आधी कितीने भागलं ते विचारा

समजा मुंबईत वीस वर्षांची 100 मुलंमुली आहेत आणि त्यातली 50 कॉलेजात जातात, म्हणजे प्रमाण झालं 50 टक्के. आता बाहेरून त्याच वयाची आणखी 50 जण कामाला आली, कुणी जौनपूरहून, कुणी बीडहून, कुणी साइटवर लागलं, कुणी हॉटेलच्या किचनमध्ये, कुणी डिलिव्हरीला, आणि यातलं कुणीच कॉलेजात जात नाही. आता 150 मध्ये 50, म्हणजे प्रमाण आलं 33 टक्क्यांवर. एकाही मुलाने कॉलेज सोडलं नाही तरी कागदावर शहराचं शिक्षण घसरलं.

आकडे मी समजायला सोपे म्हणून घेतलेत, पण मुंबईत हे खरंच घडतं. 2011 च्या जनगणनेत राज्यात दर हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया होत्या, मुंबई उपनगरात 860 आणि मुंबई शहर जिल्ह्यात फक्त 832. गावी घर ठेवून एकटे कामाला येणारे पुरुष हे याचं मोठं कारण, आणि त्यातले बरेच जण येतात ते नेमके कॉलेजच्या वयात. त्यामुळे मोठ्या शहरात 18 ते 24 वयाचा आकडा बघताना इथेच वाढलेली मुलं आणि नुकती कामाला आलेली मुलं वेगवेगळी काढलीच पाहिजेत, नाहीतर दोघांबद्दलही चुकीचा निष्कर्ष निघतो.

लहान वयात हा गोंधळ कमी असतो. जनगणनेत घरोघरी विचारतात की हा माणूस सध्या शाळेत, कॉलेजात किंवा आणखी कुठल्या संस्थेत जातो का, आणि जात नसेल तर आधी कधी जात होता की कधीच गेला नाही. ही उत्तरं वयाप्रमाणे मांडली की आलेख पाच-सहाव्या वर्षी झपकन वर चढतो, चौदापर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि पंधरा-सोळाला वाकायला लागतो. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे पण तो 6 ते 14 वयापुरताच, आठवीपर्यंतचा, आणि त्याच्या पुढेच दहावीची परीक्षा, अकरावीची अॅडमिशन, क्लासची फी आणि घरच्या कमाईला हातभार लावायचं वय हे सगळं एकदम येऊन पडतं. मला विचाराल तर शहराच्या शिक्षणाची खरी परीक्षा या दोन-तीन वर्षांतच होते, पाचवी-सहावीचे चांगले आकडे दाखवून काही उपयोग नाही.

दुसरी भानगड म्हणजे मोजायचं कुठे. जनगणना माणसाला घरी मोजते, तर उच्च शिक्षणाचा सरकारी सर्व्हे मोजतो कॉलेजात. विरारहून चर्चगेटला किंवा बदलापूरहून माटुंग्याला लोकलने येणारी मुलगी एका हिशोबात पालघर-ठाण्याची, दुसऱ्यात मुंबईची. शिवाय या सर्व्हेत भागाकार होतो तो 18 ते 23 वयाच्या लोकसंख्येने, पण वर विद्यार्थी धरतात कुठल्याही वयाचे, अगदी तिशीत एमए करणारेसुद्धा. 2021-22 ला हा दर देशात 28.4 टक्के आणि महाराष्ट्रात 35.3 टक्के होता. राज्याला तो ठीक चालतो, पण एकट्या मुंबईला लावायला गेलं की अडचण होते कारण बाहेरून येणारे विद्यार्थी वर मोजले जातात आणि खाली त्यांचं नावच नसतं.

शाळांचंही तेच. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ला 33.38 लाख होती, 2011 ला 30.85 लाख झाली. गिरगाव-लालबागची कुटुंबं डोंबिवली, विरारकडे गेली, मुलं तिकडच्या शाळेत गेली, इकडचा पट कमी झाला. इंग्रजी माध्यमाची ओढ आहेच, ते कोण नाकारतंय, पण पट कमी झाला म्हणून लगेच मुलं शिकेनाशी झाली असं कुणी म्हणू नये.

आणि पटावर नाव म्हणजे वर्गात मूल असंही नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, तेव्हा एकच मूल दोन शाळांत दाखवू नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली होती, मतदानाला लावतात तशी! कितीतरी शाळांत कागदावरची मुलं प्रत्यक्षात सापडलीच नाहीत. आता 2022-23 पासून देशभर शाळांची माहिती एकेका विद्यार्थ्याच्या नावाने भरतात, त्यामुळे डबल नावं पकडणं सोपं झालं, पण आज सकाळी पहिल्या तासाला बाकावर कोण होतं हे त्यातूनही कळत नाही, ते बाईंच्या हजेरीवरच.

2021 ची जनगणना झाली नाही, म्हणून भागायला आपण अजून 2011 वरून काढलेले अंदाजच वापरतोय. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तिच्यात जन्म कुठला, इथे किती वर्षं राहताय आणि शिकताय का या तिन्हींची उत्तरं वॉर्डनिहाय एकत्र मांडून मिळाली तर कुर्ल्यातला वीस वर्षांचा मुलगा इथे शिकता शिकता गळला की कामासाठीच आला होता हे वेगळं काढता येईल, आणि नाइट कॉलेज कुठे हवं, अकरावीच्या जागा कुठे वाढवायला हव्यात हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही.